मायसाठी मऊ गादी पाहिजे, दुकानदार म्हणतो कडकच घ्या

पांदणवाट
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. प्रश्न मायच्या गादीचा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कोणी "वजन किती, वय किती" विचारायला नको.

माय ५९ वर्षांची, वजन ४४ किलो. सगळं आयुष्य निंदण-वेचणीत गेलं. डाव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपते, लहानपणापासून तशीच. सहा महिन्यांपासून रात्री दोन-तीन वाजता उठून बसते. खांदा दुखतो, आणि कमरेखाली बाजूला जे हाड लागतं ते दुखतं. गादी माझ्या लग्नातली, २०११ ची, कापसाची. मध्ये पाट्यासारखी कडक, कडेला गोळे.

परवा यवतमाळला तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे एकच उत्तर: "दुखणं आहे ना? मग ऑर्थो घ्या, कडक. मऊ घेतली तर कंबर कामातून जाईल." एकाने तर गादीवर बुक्की मारून दाखवली, टरबूज पाहतात तशी. मायला सोबत नेलं होतं. ती अर्धा मिनिट आडवी झाली अन् म्हणाली, "बाबू, हे तं फळी आहे. फळी घरी आहे."

इतर माहिती: पलंग गावच्या सुताराने केलेला, सागवानाचा, खाली सलग फळ्या. माप ५४ बाय ७५ इंच. हे माप कोणत्याच दुकानात तयार मिळत नाही. घरावर टिना, उन्हाळ्यात कुलर. बाबा ७८ किलोचे, उताणे झोपतात. उन्हाळा-पावसाळा ओसरीत बाजेवर असतात, पण थंडी पडली की आत येतात, त्याच पलंगावर. बजेट १२ हजार.

मऊ घ्यावी का? घेतली तर कशाची?


वऱ्हाडी ठेचा
१२ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मायचं बोलनं बरोबर हाय. फळी घरी असल्यावर फळीचे बारा हजार काहून द्या लागते?

आमच्या बुढ्याले त कुठंबी झोप येते. निंदनाच्या दिवशी जरा जास्तच येते.


कणा-मणका
१२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी अमरावतीला फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न आठवड्यातून तीनदा तरी येतो, म्हणून एकदाच नीट लिहिते.

"पाठीला कडक गादीच चांगली" हे आपल्याकडे एवढं मुरलंय की डॉक्टरही सांगतात. जुन्या काळी स्लिप डिस्कच्या पेशंटला फळीवर झोपवायचे, ते डोक्यातून जात नाही. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर एक अभ्यास झाला, २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अर्ध्यांना कडक गादी दिली, अर्ध्यांना मध्यम. कोणती मिळाली हे कोणालाच सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं आणि सकाळी उठतानाचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. म्हणजे कंबरदुखीतसुद्धा कडक पहिली आली नाही. आणि तुमच्या आईचं दुखणं तर कंबरेचं वाटतच नाही.

कुशीवर झोपलेल्या माणसाचा भार दोन जागी येतो: खांदा आणि मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा. गादी कडक असली तर हे दोन उंचवटे आत शिरत नाहीत, सगळा दाब तिथेच राहतो आणि मधली कंबर अधांतरी लोंबते. मग शरीर दर तासाला कूस बदलतं. ४४ किलोच्या बाईच्या अंगावर त्या हाडाभोवती मांसाची गादीही फारशी नसते. त्यांना वरचे दोन-तीन इंच मऊ हवेतच.

आता वजनाचं. तीच गादी ४४ किलोला कडक लागते, ६५ ला ठीक आणि ९० ला खड्डा. म्हणून "अमुक गादी मऊ आहे का" याला कोणाचंच उत्तर खरं मानू नका, अगदी माझंही. बाबांचं गणित वेगळं. उताणं झोपणाऱ्याचा सगळ्यात जड भाग म्हणजे ढुंगण. ते जास्त बुडलं की कंबर वाकते. त्यांना मध्यम ते जरा कडक. पालथं झोपणाऱ्यांना तर मऊ गादी अजिबात चालत नाही, पोट खाली जातं आणि कंबर उलटी वाकते. त्यांनी उशीही पातळ घ्यावी नाहीतर घेऊच नये.

दुकानात करायच्या दोन गोष्टी. आईला चपला काढून नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं झोपू द्या, दुकानदार कितीही घाई करो. त्यांच्या मागे उभे राहून मोबाइलवर फोटो काढा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे. मध्ये खाली झोका पडला तर गादी जास्त मऊ, खांदा वर चढलेला दिसला तर जास्त कडक. बाबांना उताणं झोपवून कंबरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर कडक, शिरतच नसेल तर मऊ, थोडा घासून गेला तर बरोबर.

आणि एक विचारायचं राहिलं. आईचा हात वर पूर्ण जातो का? वेणी घालताना, मागे पोलक्याच्या गाठीपर्यंत? शुगर तपासली आहे का?


पांदणवाट
१३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

ताई, खूप आभार. वेणी आता माझी बायको घालून देते. आम्ही म्हटलं वयामुळे. शुगर कधीच तपासली नाही.


कणा-मणका
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मग गादीच्या आधी ते करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. खांदा आखडण्याचा आजार शुगरवाल्यांना जास्त होतो आणि तो गादीने बरा होत नाही, गादीने फक्त रात्र सुसह्य होते. तोवर उजव्या कुशीवर झोपवून पाहा, छातीशी एक उशी कवटाळायला द्या म्हणजे वरचा हात लोंबत नाही. दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये. त्या हाडावरचा ताण याने लगेच कमी होतो, आणि याला खर्च शून्य.


गादीवाला दारव्हा
१३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

राम राम. मी दारव्ह्याचा, तीन पिढ्या गाद्या भरून रायलो. आबाजीच्या हातात धुनकी होती, बापाच्या काळात पिंजायची मशीन आली, मी आता फोमबी ठेवतो. म्हनून दोन्हीकडून बोलतो.

भाऊ, तुमची २०११ ची गादी खराब नाई झाली, दबली. कापूस दबतेच. दर दोन-तीन वर्षानं पिंजून भरा लागते. चौदा वर्षं कोनी नाई पिंजली त थो पाटाच होईन. आधी थे गादी उसवून पाह्यजा. आत पांढरी रुई निंघाली त पिंजून नवी होते. रंगीबेरंगी धागे, चिंध्या निंघाल्या त फेकून द्या. २०११ मधेबी चिंधीचा कापूस लोक भरत होते, लग्नाच्या सिझनमधे त लयच. थे पिंजला तरी चार महिन्यात गोळे धरते.

मॅडमनं सांगतलं थे माह्या धंद्याच्या भाषेत सांगतो. खालून आधार, वरून मऊ. दोन थर. एकाच फोममधे दोन्ही कामं होत नाई. खाली चार इंच रिबॉन्डेड (फोमचा चुरा दाबून केलेली) नाईतर काथ्याची शीट, वर दोन इंच मऊ. आख्खी सहा इंच मऊ घेतली त माय त्यात जाईन अन् सकाळी उठासाठी तिले कोनाचा हात लागन.

फोम घेत असान त डेन्सिटीच्या नावानं फसू नका. डेन्सिटी म्हनजे घनमीटरले वजन किती. थे टिकाऊपना सांगते, कडकपना नाई. ४० चा फोम मऊबी येते, कडकबी येते. पन २०-२२ चा फोम दोन वर्षात बसते म्हनजे बसतेच. दुकानदार ४० म्हनला त वजन करा लावजा. तुमच्या ५४ बाय ७५ मापाचा पाच इंच फोम खरा ४० चा असन त सव्वातेरा किलोच्या आसपास भरते, ३२ चा असन त साडेदहा. लेकाचे आता फोममधे चुना मिळवते वजन वाढवासाठी. हातानं चुरगाळून पाहा, पांढरी भुकटी हाताले लागली त उठून या.


वऱ्हाडी ठेचा
१३ ऑक्टोबर, दुपारी १:४५

फोममधे चुना, दुधात पानी, खतात माती. आता फक्त झोपंत काय मिळवते थे पाहाचं रायलं.


आंबियाबहार
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

वरुडहून. आमचं उलटं उदाहरण वाचा. ह्यांचं वजन ९५, माझं ५२. तीन वर्षांपूर्वी मऊ मऊ म्हणून आठ इंची स्प्रिंगची गादी घेतली. ह्यांच्या बाजूने जो उतार झाला तो संत्र्याच्या बागेतल्या पाण्याच्या पाटासारखा. रात्रभर मी घसरत ह्यांच्याकडे, आणि ह्यांना वाटायचं प्रेम वाढलंय. सकाळी दोघांच्याही कमरा धरलेल्या.

शेवटी दोन सिंगल गाद्या जोडून घातल्या, ह्यांची कडक, माझी मऊ, वर एकच मोठी चादर. मध्ये फट येते, तिथे जुन्या गोधडीची सुरळी घातली. पांदणवाट, तुमच्या आई-बाबांच्या वजनात ३४ किलोचा फरक आहे. त्यांना एकाच मऊ गादीवर झोपवाल तर काकू उतारावर येतील.

स्प्रिंगमध्ये पॉकेट नावाचा प्रकार येतो, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत, त्यात एकाच्या हलण्याने दुसरा हलत नाही. आमची जुन्या पद्धतीची होती, सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या.


सीताबर्डी लोकल
१३ ऑक्टोबर, रात्री ९:००

मेमरी फोम घ्या सरळ. नासासाठी १९६६ मध्ये विमानाच्या सीटकरता शोधलेला फोम आहे तो. अंगाचा साचा घेतो, खांद्याला एकदम बेस्ट. ऑनलाइन मागवा, १०० रात्रींची ट्रायल मिळते, नाही आवडली तर परत.


तणसवाला
१३ ऑक्टोबर, रात्री ९:३५

सीताबर्डी, तुमच्या घरी एसी आहे ना? तुमच्याकडून एवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी साकोलीकडचा. मेमरी फोम घेऊन बसलोय. तो उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो, हाच त्याचा गुण. मे महिन्यात टिनाखाली तो एवढा मऊ होतो की माणूस चिखलात रोवलेल्या धानासारखा उभा, म्हणजे आडवा. आणि अंगाची गरमी बाहेर जातच नाही, घामाने पाठ थबथब. डिसेंबरात, रात्री पारा ८-१० वर आला की पहाटे त्याची वीट झालेली असते, झोपून झोपून अर्ध्या तासाने नरम पडते.

१०० रात्रींचंही ऐका. माझ्या गावाच्या पिनकोडवर गादी पोचवायला माणूस आला, परत न्यायला कोणी येईना. फोनवर बाई गोड बोलायची, "सर, आपल्या भागात पिकअप उपलब्ध नाही." मागवण्याआधी परत नेण्याची सोय तुमच्या पिनकोडला आहे का, हे लेखी विचारून घ्या.

आमचे आजोबा हिवाळ्यात तणसीवर जुनं पोतं अन् वर वाकळ टाकून झोपायचे. ८४ वर्षं जगले. पण ते दिवसभर बांध्यांत राबायचे, त्यांना काट्यांवरही झोप आली असती, त्यामुळे हा पुरावा मी स्वतःच रद्द करतो.


सीताबर्डी लोकल
१३ ऑक्टोबर, रात्री ९:५२

एसी आहे. बरं, मान्य. मग लॅटेक्स घ्या. रबराच्या चिकाची गादी, केरळातून येते. दाबली की लगेच वर येते, मेमरीसारखी गिळत नाही, भोकं असतात म्हणून हवा खेळती राहते. पूर्ण गादी बजेटमध्ये बसणार नाही, पण दोन इंचाचा टॉपर बसू शकेल. गादीवाले भाऊ म्हणतात तो वरचा थर हाच.


कणा-मणका
१३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

लॅटेक्सला माझं मत. कापसाचा टॉपर सुरुवातीला छान लागतो पण महिना-दोन महिन्यांत खांद्याखाली दबतो, आणि ज्या जागी मऊ हवा नेमका तिथेच कडक होतो.


गादीवाला दारव्हा
१४ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मॅडमचं खरं हाय, कापूस दबते. मी नाई म्हनत नाई. पन लॅटेक्सले ऊन चालत नाई, थे कोनी सांगत नाई. आमच्या गल्लीतल्या एकीनं दिवाळीच्या साफसफाईत लॅटेक्सची गादी गच्चीवर तीन दिवस उन्हात टाकली, कापसाची टाकतो तशी. वरून पिवळी पडली अन् बोट लावलं त भुगा. फोमचंबी तेच. फोम, लॅटेक्स सावलीत हवेवर ठेवा. कापसाले मात्र कडक ऊन द्या, थे ऊन प्यालं की फुगते.

अन् आपल्याइकडे कुलर. चार महिने घरात ओलावा. फोमले वास मारते, खालून बुरशी धरते. पलंगाच्या फळ्या सलग असन त खाली हवाच जात नाई. सुताराले सांगून फळ्याईले दोन-दोन बोटाच्या फटी करून घ्या, नाईत बोटभर भोकं पाडा.

आता माह्या मनातलं सांगतो. तुम्ही कापूस लावता ना भाऊ?


पांदणवाट
१४ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

लावतो. चार एकर. परवाच सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून पहिली वेचणी सुरू केली.


गादीवाला दारव्हा
१४ ऑक्टोबर, दुपारी १२:५५

मंग मायची गादी बाजारातून काहून आनता?

सात किलो रुईचा पातळ थर करू. सात किलो रुईले वीस-एकवीस किलो कापूस लागते, बाकी सरकी जाते. मायनं एका दिवसात याच्याहून जास्त वेचला असन. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याले हमीभाव क्विंटलमागं ८,११० होता, म्हनजे हमीभावानं धरलं तरी सोळा-सतराशेचा कापूस. वीस किलोसाठी जिनिंगवाला मशीन लावत नाई, पन वळखीचा असन त कापूस घेऊन त्या हिशोबानं रुई मोजून देते.

एक गोष्ट मात्र. बीटीचा लांब धाग्याचा कापूस हाताले मऊ लागते पन लवकर दबते. गादीले गावरान बरा. आखूड, जाडा धागा, स्प्रिंगसारखा उसळते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-७ असे देशी वान कोनी लावत असन गावात त त्याच्याकडून बदलून घ्या.

दर दिवाळीले मह्याकडं आना, पिंजून देतो. मॅडमची दबायची तक्रार तिथं मिटते.


वऱ्हाडी ठेचा
१४ ऑक्टोबर, दुपारी १:१०

आयुष्यभर कापूस वेचला अन् झोपली चिंधीवर. हसू का रडू बाप्पा.


कणा-मणका
१४ ऑक्टोबर, दुपारी २:२०

ठीक, हरले. वर्षातून एकदा खरंच पिंजणार असाल तर कापूस चालेल. पण सांगून ठेवते: लोक पिंजत नाहीत. याच चर्चेत चौदा वर्षांचा पुरावा आहे. मध्ये दबल्याचं जाणवलं तर निदान दर आठवड्याला डोकं-पाय फिरवा आणि पंधरा दिवसांनी पालथी घाला.

उंचीही पाहा. गादीसकट पलंगाची उंची एवढी हवी की आई काठावर बसल्या की तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. नवीन सहा इंच आलं की आधीचा हिशोब बदलतो. कडेला बसून उठताना काठ दबला तर पडायची भीती असते.


नवी माय
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

मध्येच विचारते. माझं बाळ तीन महिन्यांचं. सासूबाई म्हणतात कापसाची मऊमऊ दुपटी घालून खोलगट गादी कर, डोक्याखाली मोहरीची उशी. हाच नियम बाळालाही का, हलकं अंग म्हणून मऊ?


कणा-मणका
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४८

नाही! बाळाला उलटं. सपाट, घट्ट गादी, उताणं झोपवायचं, उशी नाही, मोहरीचीही नाही, बाजूला सैल दुपटी नाहीत. मऊ खळग्यात तोंड रुतलं तर बाळाला मान फिरवता येत नाही, श्वास कोंडतो. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईट मला होऊ दे.


आंबियाबहार
१४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

गादीवाले दादा, वरचा थर मध्ये कापून दोन करता येईल का? काकूंच्या बाजूला कापूस, काकांच्या बाजूला कडक काहीतरी. खोळ एकच.


गादीवाला दारव्हा
१४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

वयनी, डोकं लावलं तुम्ही. होते. ५४ इंचाचे दोन भाग केले त सत्तावीस-सत्तावीस येते, जरा अरुंद. मायले ३०, बुढ्याले २४ करता येईन.


वऱ्हाडी ठेचा
१४ ऑक्टोबर, रात्री ८:५३

७८ किलोच्या मानसाले २४ इंच? बुढा काय बांधावर झोपन?


गादीवाला दारव्हा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मंग उलटं करा. माय कुशीवर पाय पोटाशी घेते, तिले २५ पुरते. बुढ्याले २९. खालची शीट आख्खी. वर मायकडं रुई, बुढ्याकडं दोन इंच रिबॉन्डेडची पट्टी. गादीपाटाची खोळ एकच, मधात शिवन. टाके जवळ जवळ घालतो, हातभर अंतरावर नाई, म्हनजे रुई सरकत नाई.


लकवा-सेवा
१५ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

सगळं वाचतेय. माझ्या सासऱ्यांना लकवा झाल्यावर आम्हीही मऊ गादी शोधत होतो. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्यासाठी वरची एकही गोष्ट लागू नाही. त्यांना पंपावर फुगणारी हवेची गादी लागते, आळीपाळीने कप्पे भरतात-रिकामे होतात. आणि ती असली तरी दर दोन तासांनी कूस आपणच बदलायची. आम्ही पहिल्या महिन्यात हवेच्या गादीवर भरवसा ठेवला आणि माकडहाडावर जखम झाली ती पाच महिने चालली. लाइट गेली की पंप बंद, हे तर आपल्याकडे आलंच. कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहिलं.


कणा-मणका
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:००

लकवा-सेवा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्वचा लाल दिसली आणि दाबल्यावर पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा, फोड येण्याची वाट पाहू नका.


पांदणवाट
२३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

उशिरा आलो, वेचणीच्या गडबडीत होतो.

पहिलं म्हणजे शुगर. उपाशीपोटी १८४ आली. गोळी सुरू झाली. खांद्याला आखडलेला म्हणाले, व्यायाम दिलेत, भिंतीवर बोटांनी चढायचे वगैरे. ताई, तुम्ही वेणीचं विचारलं नसतं तर आम्ही गादीच बदलत बसलो असतो.

गादी. जुनी उसवली. गादीवाले भाऊ म्हणाले तेच निघालं: वरून बोटभर पांढरा कापूस, आत निळ्या-लाल चिंध्या. मायने ते पाहिलं, काही बोलली नाही, सगळं उचलून चुलीपाशी नेलं.

खालची चार इंच रिबॉन्डेड शीट मापाने कापून घेतली. वर गावरान कापसाची रुई, आमच्या शेजारच्या गावात एकाने एकेए लावलंय, त्याच्याकडून अदलाबदल केली. मजुरी, गादीपाट, शीट, बाबांची पट्टी धरून ७,६०० लागले, कापूस वेगळा. पलंगाच्या फळ्यांना भोकं पाडली. पलंग उंच झाला होता म्हणून सुताराकडून पाय तीन इंच कापून घेतले. सुतार म्हणाला, सागवानाचे पाय कापायला लावणारे तुम्हीच पहिले.

पहिल्या दोन रात्री माय झोपलीच नाही. "कापसाच्या गंजीवर झोपल्यासारखं लागते, बुडते मी." तिसऱ्या रात्री खाली सतरंजीवर गेली. मला वाटलं गेले पैसे. पाचव्या दिवसापासून मात्र वर आहे. रात्रीचं उठणं आता आठवड्यातून एखाद्या वेळी. हाडाचं दुखणं जवळजवळ गेलं. खांदा आहे, पण कमी. फोटो काढला होता, पाठीची रेघ सरळ आहे, फक्त मान खाली झुकलेली दिसते.

बाबा चार दिवसांपूर्वी आत आले. त्यांची तक्रार एकच, आपली बाजू शेतासारखी आहे अन् तिची वाफ्यासारखी.


कणा-मणका
२३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

फार छान. पहिले काही दिवस नवी गादी परकी लागतेच, निदान तीन आठवडे द्यायचे असतात.

मान झुकते कारण खांदा आता आत गेला तरी उशी जुनीच पातळ आहे. कुशीवर झोपणाऱ्याची उशी कान आणि खांद्याच्या टोकामधलं अंतर भरेल एवढी हवी. आईच्या अंगाने चार इंचांच्या आसपास लागेल, तेही डोक्याने दाबल्यावर. आज रात्रीच एक चादर घडी करून उशीखाली घाला, फोटो काढा, रेघ सरळ होईपर्यंत घड्या वाढवा. मग तेवढ्या उंचीची उशी करा.


पांदणवाट
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दोन घड्यांवर सरळ झाली. भाऊ, उशीत कापूसच भरू का? माय म्हणते तिच्या माहेरी सावरीच्या कापसाची उशी असायची, डोकं ठेवलं की गार.


गादीवाला दारव्हा
२४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मायले सांगा, उशीले सावरीच्या वर काही नाई. हलका, गरम होत नाई, पानी धरत नाई. पन थो पिंजता येत नाई, मशीनमधे उडून जाते, हातानंच बिया काढा लागते. अन् बाजारात सावरीच्या नावानं पॉलिस्टर विकते.

तुमच्याइकडे जंगलाच्या कडेले काटेसावर असनच. आता नाई भेटत. शिमग्याच्या आगेमागे फुलते, चैत-वैशाखात बोंडं फुटते. वाऱ्याच्या आधी झाडाखाली लुगडं अंथरजा. दीड किलो जमला की घेऊन या, शिवून मी देतो. तोवर दोन घड्या राहू द्या.